क्लार्क, केरानी आणि कारकून

इंग्रजीतून आमच्या भाषेत येऊन स्थायिक झालेल्या शब्दांची मोजदाद करावयास कोणी बसले, तर 'क्लार्क' हा शब्द पहिल्या पन्नासात खचित येईल. खेड्यातील शेतकऱ्यासही तो ठाऊक आहे आणि शहरातील विदुषीसही. तथापि या शब्दाचे एक वैशिष्ट्य असे की, तो दुसऱ्याविषयी बोलताना सर्वांच्या तोंडी असतो, पण स्वतःविषयी बोलताना कोणाच्याच तोंडून सहसा निघत नाही. लग्नाच्या बोलण्यात वरपिता 'मुलगा सेंट्रल गव्हर्न्मेंटमध्ये आहे' एवढेच सांगून थांबतो. वधूपिताही पुढे विचारीत नाही, कारण पुढचे त्याला उमजलेले असते. आमच्या मराठीने तर या व्यवसायासाठी 'खर्डेघाशी', 'बोरूबहाद्दर', 'कारकुंडा' अशी खास शब्दसंपत्तीच निर्माण करून ठेविली आहे. बंगालीत 'केरानी' म्हटले की असाच उपहास उमटतो. आम्ही स्वतः या कलकत्त्यात केंद्र सरकारच्या एका कचेरीत हाच व्यवसाय करीत असल्यामुळे या शब्दाकडे त्रयस्थाच्या नजरेने पाहणे आम्हांस कठीण आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. पण ज्या शब्दाने माणसास दिवसाकाठी दहा वेळा हाक मारली जाते, त्याचे कूळ आणि मूळ काय हे पाहण्याचा अधिकार त्या माणसास असावयास हरकत नाही.

'क्लार्क' शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील 'क्लेरोस' या शब्दात आहे. क्लेरोस म्हणजे चिठ्ठी टाकण्यासाठी वापरावयाचा लाकडाचा तुकडा किंवा खडा. त्यावरून चिठ्ठीने जो वाटा पदरात पडतो तोही क्लेरोस. आणि त्यावरून वाट्यास आलेली जमीन, वारसा, वतन, हे सर्व अर्थ ओघाने आले. आपल्याकडे 'भाग' म्हणजे वाटा आणि त्यावरून 'भाग्य' म्हणजे दैव, हा जो अर्थाचा प्रवास झाला, तसाच हा ग्रीक शब्दाचा प्रवास आहे. पुढे बायबलाच्या जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा लेवी नामक पुरोहितवंशास जमिनीचा वाटा नाही, परमेश्वर हाच त्यांचा वाटा, या अर्थाच्या वचनात हाच शब्द योजिला गेला. ज्याचा वाटा परमेश्वर तो 'क्लेरिकोस', म्हणजे धर्मसेवक. ख्रिस्ती धर्माबरोबर हा शब्द लॅटिनमध्ये 'क्लेरिकुस' झाला, फ्रेंचांकडे 'क्लेर' झाला आणि इंग्लंडात येऊन 'क्लार्क' झाला. इंग्लंडच्या प्रस्थापित धर्मसंस्थेतील पाद्री कायद्याच्या भाषेत स्वतःस आजही 'पवित्र दीक्षा घेतलेला क्लार्क' असेच म्हणवून घेतो. 'क्लेरिकल' या विशेषणास पाद्र्यासंबंधीचे आणि कारकुनासंबंधीचे असे दोन अर्थ आहेत, ते यामुळेच. क्लार्क नावाचे जे असंख्य साहेब इतिहासात व व्यापारात आढळतात, त्यांच्याही कुळाचा मूळ पुरुष असाच कोणी अक्षरओळख असलेला गृहस्थ असला पाहिजे.

मध्ययुगीन युरोपात वाचता-लिहिता येणारा माणूस बहुधा धर्मसंस्थेतीलच असे. त्यामुळे क्लार्क म्हणजे धर्मसेवक, म्हणून क्लार्क म्हणजे साक्षर, म्हणून क्लार्क म्हणजे विद्वान, असा अर्थ विस्तारला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने 'कँटरबरी टेल्स'मध्ये यात्रेकरूंचा जो मेळा उभा केला, त्यात ऑक्सफर्डचा एक क्लार्क आहे. घोडा रोडका, अंगरखा विरलेला. पण उशाशी ॲरिस्टॉटलचे वीस ग्रंथ असावेत एवढीच त्याची हौस. आम्हां कारकुनांस त्याची अर्धी ओळख पटते, ती अंगरख्याची.

या शब्दाच्या भाग्यकाळी त्याने माणसांचे प्राणही वाचविले आहेत. धर्मसंस्थेच्या माणसास राजाच्या न्यायालयाने देहान्ताची शिक्षा देऊ नये असा इंग्लंडात जुना संकेत होता. पण अमुक मनुष्य क्लार्क आहे हे ओळखावयाचे कसे? तर त्यास वाचावयास लावून. न्यायालयात बायबल पुढे ठेवीत आणि आरोपीने त्यातील एक्कावन्नाव्या स्तोत्राचा प्रारंभ वाचून दाखविला की तो क्लार्क ठरून फाशीतून सुटे. लोक त्या श्लोकास 'मानेचा श्लोक' म्हणत, आणि निरक्षर पण धोरणी चोर तो मुखोद्गत करून ठेवीत, हे सांगणे नकोच. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन याने १५९८ साली द्वंद्वात गॅब्रिएल स्पेन्सर नावाच्या नटास ठार केले, तेव्हा तो याच सवलतीने वाचला. ही सवलत पुन्हा मागता येऊ नये म्हणून त्याच्या अंगठ्यावर डाग तेवढा देण्यात आला. विद्येपुढे मृत्युदंडही नमला, असे एरवी कोणी म्हटले असते तर आम्ही ते काव्य समजलो असतो. येथे तो कायदा होता, आणि १८२७ सालापर्यंत तो इंग्लंडात या ना त्या रूपाने टिकून होता.

मात्र अठराव्या शतकात व्यापार वाढला, हुंड्या व रोखे यांवर देशाचा व्यवहार चालू लागला, तसे अक्षरज्ञानाच्या या सवलतीस अपवाद होऊ लागले. १७२९ साली इंग्लंडात खोट्या दस्तऐवजाच्या गुन्ह्यास देहान्त शिक्षा ठरली, आणि त्या कायद्यात क्लार्कपणाची सवलत मिळणार नाही असे स्पष्ट घातले गेले. कलकत्त्याच्या इतिहासाशी या कलमाचा जो संबंध आला तो भीषण आहे. महाराजा नंदकुमार यांनी १७७५ सालच्या मार्चमध्ये गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याजवर लाचलुचपतीचे आरोप केले. थोड्याच दिवसांत एका जुन्या रोख्याच्या बनावटीचा आरोप खुद्द त्यांच्यावर आला. आणि सर एलायजा इम्पी यांच्या सुप्रीम कोर्टाने त्यांस याच विलायती कायद्यान्वये दोषी ठरविले. ५ ऑगस्ट १७७५ रोजी नंदकुमार यांस फाशी देण्यात आले. बनावट दस्तऐवजासाठी प्राण घ्यावा ही कल्पना ज्या समाजास सर्वस्वी अपरिचित, त्या समाजावर हा कायदा लादला गेला. इंग्लंडात वाचता येण्याने माणसे फासावरून उतरली होती, आणि येथे लिहिलेल्या एका कागदाने माणूस फासावर चढला.

तो हेस्टिंग्ज स्वतः या देशात आला होता तो कोण म्हणून? 'रायटर' म्हणून. १७५० साली तो कलकत्त्यास उतरला तेव्हा कंपनीच्या नोकरांतील अगदी खालच्या पायऱ्यांपैकी ती एक पायरी होती. तिच्यावर फॅक्टर, मग कनिष्ठ व्यापारी, मग वरिष्ठ व्यापारी अशी चढण असे. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ साली मद्रासेस पोहोचला तोही रायटरच, आणि या पदाचे वेतन वर्षास पाच पौंड होते. काम म्हणजे पत्रांच्या नकला करणे, मालाच्या याद्या लिहिणे, खतावण्या भरणे. म्हणजे नावाने रायटर, कामाने शुद्ध कारकून. या पोरसवदा लेखकांच्या निवासासाठी टॉमस लायन याने १७७७ पासून पुढील तीनचार वर्षांत जी इमारत उभी केली, तीच कलकत्त्याची रायटर्स बिल्डिंग. नगरातील सर्वांत प्रसिद्ध इमारतीस कारकुनांचे नाव असावे, ही गोष्ट सुखावणारी आहे. पण त्या सुखात फार रमण्यासारखी परिस्थिती नाही. कारण रायटर हे नाव धारण करणारे तरुण पुढे कलेक्टर झाले, न्यायाधीश झाले, रेसिडेंट झाले, 'सिव्हिलियन' म्हणवू लागले. आणि ते करीत असत ते लिहिण्याचे काम त्यांनी देशी माणसांच्या हवाली केले. नाव वर गेले, काम खाली राहिले. त्या खाली राहिलेल्या कामाचे येथील नाव केरानी. 'रायटर' हा शब्द मात्र अजून सर्वस्वी मेलेला नाही. महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यात तपासाचे कागद रंगविणाऱ्या शिपायास आजही रायटरच म्हणतात. क्लाइव्हची ही शेवटची गादी होय.

आता केरानीकडे वळू. या शब्दाची पूर्वपीठिका क्लार्कहून कमी मनोरंजक नाही, आणि आमच्या मते तीत मराठी वाचकास अधिक आपलेपणा वाटावा असे पुष्कळ आहे. अबुल फझलच्या 'ऐन-इ-अकबरी'त जहाजावरील नोकरांची यादी आहे. तीत नाखुदा, तांडेल, भंडारी यांच्या पंक्तीस 'करानी' आहे. जहाजाचा हिशेब लिहावयाचा आणि उतारूंस पाणी वाटावयाचे, ही त्याची कामे. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हाच शब्द इंग्रजांच्या जिभेवर 'क्रॅनी' होऊन आलेला दिसतो. बंगालमध्ये इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनास, आणि मग अशा कारकुनांची भरती ज्या अँग्लो-इंडियन समाजातून होई त्या सबंध समाजासच, साहेबलोक हे नाव लावीत. हॉरेस हेमन विल्सन या संस्कृतज्ञाने या शब्दाची व्युत्पत्ती संस्कृत 'करण' या शब्दापासून लाविली आहे, आणि आम्हांस ती मनोमन पटते.

'करण' म्हणजे करणे. करण म्हणजे साधन. आणि करण म्हणजे दस्तऐवज, लेखनिक, तसेच लेखनिकांचे कार्यालयही. हा एक शब्द देशभर किती वेषांनी हिंडतो आहे ते पाहावे. ओरिसात करण ही लेखनव्यवसायी जात आहे. आंध्रात गावचा हिशेबनीस तो करणम्. बंगालीत शिष्ट भाषेत कारकुनास करणिक म्हणतात. आणि महाराष्ट्रात? महाराष्ट्रात तो कुलकर्णी! कुळांचा, म्हणजे गावातील खातेदारांचा, जमाखर्च लिहिणारा तो कुलकर्णी. बंगालच्या केरानीस हसणाऱ्या आमच्या एखाद्या कुलकर्णी आडनावाच्या मित्रास हे कदाचित रुचणार नाही, पण विल्सनचे म्हणणे खरे धरले तर केरानी आणि कुलकर्णी हे सख्खे भाऊ ठरतात.

याहूनही मौज पुढेच आहे. रायटर्स बिल्डिंगला बंगाली भाषेत 'महाकरण' म्हणतात. १९३० सालच्या ८ डिसेंबरला विनय, बादल व दिनेश हे तिघे क्रांतिकारक ज्या इमारतीत शिरले आणि ज्यांच्या नावाने आज समोरचा चौक ओळखला जातो, ती ही इमारत. राज्याचे सचिवालय २०१३ साली तेथून हावड्यास 'नबान्न'मध्ये हलविण्यात आले, तरी महाकरण हे नाव जुन्या वास्तूसच चिकटून राहिले आहे. आता देवगिरीच्या यादवांची आठवण करावी. त्यांचा जो प्रसिद्ध मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्याचे अधिकारपद होते 'श्रीकरणाधिप'. श्रीकरण म्हणजे राजाची लेखनकचेरी, तिचा अधिपती. तेराव्या शतकातील देवगिरीचे श्रीकरण आणि विसाव्या शतकातील कलकत्त्याचे महाकरण, या दोहोंत एकच धातू नांदतो आहे. हेमाडपंताने मोडी लिपी आणली ही समजूत इतिहाससंशोधकांस मान्य नाही. परंतु कागदपत्र कसे लिहावेत याचे नियम सांगणारे 'मेस्तक' परंपरेने त्याच्याच नावावर आहे. म्हणजे ज्यास आपण देवळांचा स्थपती म्हणून ओळखतो, तो व्यवसायाने महाराष्ट्राचा मुख्य कारकून होता. त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड धर्मग्रंथ छापण्याचे काम एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनेच हाती घेतले, हाही एक ऋणानुबंध.

करणांचा हा मान केवळ देवगिरीपुरता नव्हता. उत्तर बंगालात, दिनाजपूर भागातील दामोदरपूर येथे गुप्तकाळातील पाच ताम्रपट सापडले; हे स्थळ आज बांगलादेशात आहे. त्यांत कोटिवर्ष या जिल्ह्याच्या अधिकरणाचा, म्हणजे शासकीय कचेरीचा, कारभार कसा चाले ते स्पष्ट दिसते. विषयपतीबरोबर चारजण बसत: नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक आणि प्रथमकायस्थ. सावकारांचा प्रमुख, तांड्यांचा प्रमुख, कारागिरांचा प्रमुख आणि लेखकांचा प्रमुख. कोणास पडीक जमीन विकत घ्यावयाची असली की तो अधिकरणाकडे अर्ज करी. मग 'पुस्तपाल' नावाचे दप्तरदार आपली दप्तरे पाहून ती जमीन मोकळी आहे, दर अमुक आहे, विक्रीस प्रत्यवाय नाही, असा अभिप्राय देत. आणि त्यानंतर रक्कम भरून घेऊन ताम्रपट दिला जाई. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील ही 'फाइल' आम्ही प्रथम वाचली तेव्हा क्षणभर आमच्याच सेक्शनमधील कागद हाती आल्याचा भास झाला. फरक इतकाच की, त्या काळी अभिप्राय लिहिणाऱ्यांची नावे ताम्रपटावर कोरली जात. आज खालच्या टिपणीवर वरची सही पडली की टिपणीकार नाहीसा होतो.

कारकून हा शब्द फारसी आहे. 'कार' म्हणजे काम, 'कुन' म्हणजे करणारा. फारसी 'कर्दन' आणि संस्कृत 'कृ' हे एकाच प्राचीन कुळातील धातू असल्यामुळे करण आणि कारकून यांचा अर्थ मुळात एकच पडतो: करणारा. येथे इंग्रजी शब्दाशी आपल्या शब्दांचा जो भेद दिसतो तो आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. क्लार्क म्हणजे ज्यास दैवाने वाटा दिला तो. कारकून म्हणजे जो काम करतो तो. एक शब्द देवाच्या दारातून कचेरीत आला, दुसरा कचेरीतच जन्मला. तरीही दोघांची अखेर एकाच खुर्चीवर व्हावी, हे विलक्षण होय.

मराठ्यांच्या राज्यात कारकून हा शब्द हलका नव्हता. परमुलखात वकिलीस जाणारा, मुलूखगिरीच्या फौजेत हिशेब पाहणारा, खंडणीचा करार ठरविणारा मनुष्य कारकूनच असे. शिलेदाराची तलवार आणि कारकुनाची लेखणी अशी राज्याची दोन अंगे समजत. फारसीतील 'नवीस' म्हणजे लिहिणारा, यावरून तर आमच्या आडनावांची एक माळच तयार झाली: चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फर्द लिहिणारा फडणीस, वाके म्हणजे घडलेले वृत्त लिहिणारा वाकनीस, फारसी लिहिणारा पारसनीस. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी ही पदे संस्कृत केली, तेव्हा वाकनीस मंत्री झाला, सुरनीस सचिव झाला, डबीर सुमंत झाला. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांनी एकदा वेळेअभावी न लिहिलेले पत्र कोऱ्या कागदावरून अस्खलित वाचून दाखविले आणि महाराज प्रसन्न झाले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लेखणीच्या माणसाविषयी आख्यायिका रचावी असे त्या समाजास वाटले, ही गोष्ट तर खरी आहे. त्याच बाळाजी आवजींना १६८१ सालच्या कटाच्या प्रकरणात देहान्त शिक्षा झाली. राजकारणाच्या इतक्या निकट असलेल्या माणसास कोणी बोरूबहाद्दर म्हणून हिणवीत नसते.

पेशवाईत तर एका फडणीसाने राज्यच चालविले. नाना फडणीस यांची पदवी त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८०० सालापर्यंत, फडणीस हीच राहिली. पेशव्यांच्या कारभाराचे सर्वांत चिकित्सक वर्णन ज्यांनी केले ते डॉ. सुरेंद्रनाथ सेन हे बंगाली होते आणि त्यांचा ग्रंथ १९२३ साली कलकत्ता विद्यापीठानेच काढला, हे येथे मुद्दाम नमूद करतो. बर्गींच्या स्वाऱ्यांची आठवण बंगालच्या अंगाई गीतांतून अद्याप गेली नसताना त्या बर्गींच्याच दप्तरांत शिरून न्यायबुद्धीने लिहिणे सोपे नव्हे. त्यांनी वर्णिलेली दरकदारांची पद्धत आमच्या विषयास फार उपयोगी आहे. मामलेदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस इत्यादी जे दरकदार असत, त्यांस मामलेदार काढू शकत नसे. कागदावर त्यांच्या त्यांच्या खुणा झाल्यावाचून कागद पुरा होत नसे. मामलेदाराने लबाडी करावयाची म्हटले तरी इतक्या लेखण्यांची संमती मिळवावी लागे. कारकून हा अधिकाऱ्याचा केवळ हात नव्हता. तो त्याच्यावरचा डोळा होता.

आमचे मत असे की, या शब्दांची जी पडती झाली तिचे कारण लिहिण्याचे मोल उतरले हे नव्हे. साक्षरता वाढली, छापखाने आले, टंकयंत्र आले, तशी लिहिणाऱ्याची दुर्मीळता गेली हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही. लेखणीचे दोन भाग करण्यात आले. एक भाग मजकूर लिहिण्याचा आणि दुसरा सही करण्याचा. ज्या शब्दांनी सहीची बाजू धरली ते चढले: सचिव आज दिल्लीत आणि मुंबईत बसतो, चिटणीस राजकीय पक्षात सरचिटणीस झाला. ज्यांच्या वाट्यास मजकूर आला ते उतरले. कारकून 'करणारा' राहिलाच, पण ठरविणारा राहिला नाही. मुळातल्या कागदात चिरडलेली माशी दिसली म्हणून नकलेतही माशी मारून चिकटविणाऱ्या 'माछिमारा केरानी'ची गोष्ट बंगाल्यांत आहे. आपल्याकडे 'मक्षिकास्थाने मक्षिका' म्हणून तीच आहे. दोन्ही प्रांत हसतात. पण नकलेत एका मात्रेचाही फरक करशील तर खबरदार, असे त्या गरिबास कोणी बजावून ठेविले होते, हे मात्र त्या गोष्टीत सांगितलेले नसते.

अर्थात या व्यवसायाची दुसरी बाजू दडविणे हे इतिहासाशी इमान राखणे होणार नाही. प्रजेस ठक आणि चोर यांच्यापासून राखावे, आणि विशेषेकरून कायस्थांपासून राखावे, असे याज्ञवल्क्य स्मृतीत राजास सांगितले आहे. तेथे कायस्थ म्हणजे लेखनाधिकारी. काश्मीरचा इतिहासकार कल्हण बाराव्या शतकात त्यांच्याविषयी जे लिहितो ते तर जळजळीत आहे. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' उगारला तो बऱ्याच अंशी याच लेखणीवर. निरक्षर कुणब्याच्या खात्यावर काय लिहिले आहे हे एकट्या कुलकर्ण्यास ठाऊक असावे, आणि ते पद बापाकडून मुलाकडे जावे, यातून अन्याय न होता तरच नवल. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, ते योग्यच केले असे आम्ही म्हणतो. दप्तर ही मिरास झाली की डोळ्याचे फडके होते. 'कलमकसाई' हा शब्द मराठी माणसाने उगाच घडविला नाही.

आणखी एक गोष्ट मात्र या कारकुनांच्या बाजूने लिहिली पाहिजे. साहित्याने या खुर्चीचे ऋण मानावयास हवे. चार्ल्स लॅम्ब, ज्याचे लघुनिबंध आपल्याकडील निबंधकारांनी गुरुस्थानी मानले, तो १७९२ पासून १८२५ पर्यंत तेहतीस वर्षे लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये हिशेबखात्यात कारकून होता. आपले खरे ग्रंथ तेथील फडताळांतील खातेवह्या होत, असा विनोद तो करी. त्या खातेवह्यांतील आकडे कोठले? कलकत्त्याच्या धक्क्यावरून गेलेल्या मालाचेही. मायकेल मधुसूदन दत्त १८५६ साली मद्रासहून परतले ते पोलीस कोर्टात कारकून म्हणून, आणि पाच वर्षांनी 'मेघनादवध' लिहून मोकळे झाले. ईश्वरचंद्र विद्यासागर १८४९ साली फोर्ट विल्यम कॉलेजात 'हेड रायटर' होते. शरच्चंद्रांची उमेदीची वर्षे रंगूनच्या हिशेब कचेरीत गेली. आपल्याकडे कवी 'बी' वऱ्हाडात सरकारी कारकुनी करीत होते. ते फोर्ट विल्यम कॉलेजही काही काळ रायटर्स बिल्डिंगमध्येच भरत असे. नव्या रायटरांस देशी भाषा शिकविण्यासाठी १८०० साली ते निघाले आणि विल्यम केरी तेथे बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने श्रीरामपुराहून १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी अक्षरांतील मराठी कोश छापला. मराठीचा तो छापील कोश मुख्यतः परदेशी कारकुनांसाठी, बंगालच्या भूमीवर, कारकुनी लिपीत निघाला.

अलीकडे सरकारास आमची दया आली असावी. केंद्रीय सचिवालयात 'लोअर डिव्हिजन क्लार्क' याचे 'ज्युनियर सेक्रेटेरियट असिस्टंट' असे नामांतर झाले आहे. काम तेच, पण क्लार्क हा शब्द पाटीवरून हळूहळू पुसला जात आहे. देशी भाषांच्या फलकांवर मात्र 'लिपिक' हा शब्द बराच रुळला आहे, आणि लोकांस तो भाषांतर समितीत बसून घडविलेला, रसहीन शब्द वाटतो. प्रत्यक्षात कारकून, केरानी व क्लार्क या तिघांहून तो वडील आहे. 'लिपि' हा शब्दच प्राचीन इराणी 'दिपि'पासून आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात; शिवकालीन 'डबीर' त्याच दिपीचा वंशज. सम्राट अशोकाचा गिरनार येथील चौदावा शिलालेख म्हणतो की, या लेखांत कोठे काही अपुरे राहिले असेल तर ते कधी लिपिकराच्या अपराधामुळे असेल. ब्राह्मी लिपी १८३७ साली उलगडणारा जेम्स प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीतला नोकर होता. बावीसशे वर्षांपूर्वी सम्राटाने चूक कारकुनावर ढकललेली वाचून त्यास काय वाटले असेल कोण जाणे.

पण अशोकाच्या एका लिपिकराचे नावही उरले आहे. कर्नाटकात चित्रदुर्ग भागातील ब्रह्मगिरीच्या लेखाखाली चपड या लेखकाने आपली सही केली आहे. आपले नाव आणि 'लिहिले' हा शब्द त्याने बाकीच्या लेखाप्रमाणे ब्राह्मीत कोरला. पण 'लिपिकर' हा आपला हुद्दा मात्र त्याने खरोष्ठी लिपीत, उजवीकडून डावीकडे, कोरून ठेविला. ती लिपी गांधाराकडची. ब्रह्मगिरीच्या परिसरात ती वाचणारा त्याच्यावाचून क्वचितच कोणी असेल.